पाण्यातला पंखा

सरकारी क्वार्टरच्या हॉलमध्ये समुद्र मावत नाही, असं माझ्या नवऱ्याचं सुरुवातीपासूनचं मत. माझं म्हणणं असं की ज्या हॉलमध्ये सोफा, दिवाण, टीव्ही, कूलर आणि मुलीच्या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये न मावलेलं सगळं सामान मावतं, तिथे टेबलाएवढा समुद्र मावायला काय हरकत आहे? आम्ही दोघं केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आलो, इथेच भेटलो, इथेच लग्न केलं आणि सरोजिनी नगरजवळच्या या क्वार्टरमध्ये स्थिरावलो. तो गेल्या वर्षी रिटायर झाला. माझी थोडी नोकरी अजून उरली आहे आणि क्वार्टर माझ्या नावावर आहे. त्यामुळे हॉलमध्ये काय मावेल हे ठरवायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न फारसा ताणला गेला नाही.

समुद्राचं वेड मला गुरुग्रामला लागलं. मुलगी तिथल्या एका काचेच्या टॉवरमध्ये काम करते. एकदा तिला डबा द्यायला गेले आणि ती मीटिंगमध्ये अडकली, म्हणून खाली लॉबीत बसून राहिले. समोर भली मोठी माशांची टाकी होती आणि तिच्यातल्या खडकावर एक फूल होतं. बोटाएवढ्या पाकळ्या, टोकाला फुगलेल्या, सगळ्या संथ डोलत होत्या. प्लास्टिकचं असेल म्हणून मी बघत होते, तेवढ्यात एक नारिंगी मासा आला आणि खुशाल त्या पाकळ्यांत शिरून आडवा झाला. मुलगी खाली आली तेव्हा डबा माझ्या मांडीवर तसाच होता. "आई यार, फूल नाहीये ते. ॲनिमोन आहे. जिवंत असतं," ती म्हणाली. पुढे मी वाचत गेले तेव्हा कळलं की मराठीत त्याला समुद्रपुष्प म्हणतात. आमच्या घरात मात्र दोन्ही नावं चालली नाहीत. आमच्याकडे ती नुसती 'ती' आहे.

पहिली फार दिवस टिकली नाही. उत्साहाच्या भरात मी टाकी भरली आणि लगेच तिला घेऊन आले. ट्यूबलाइटखाली आपण सगळे जगतो, तर तीही जगेल असं मी गृहीत धरलं. पण तिच्या अंगात बारीकसं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर तिचं पोट चालतं. उजेड पुरेना, तशी ती पांढरी पडत गेली, आक्रसत गेली, आणि एका सकाळी सगळ्या घरात वास सुटला. नवऱ्याने बादल्या भरभरून ते पाणी बाहेर नेऊन टाकलं. मला रडू आलं. आपल्या हॉलची शोभा म्हणून एका जिवाला कुठून कुठे आणलं आणि मारलं, हे काही केल्या मनातून जाईना. तेव्हा मीच म्हटलं, "आता नीट शिकून एक आणणार. तीही गेली तर टाकी काढून टाकायची. कायमची."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

मग मी शिकले. आयुष्यभर फायली चाळल्यात, चिकाटी ही माझी एकमेव कला आहे. मीठ मोजून समुद्राचं पाणी बनवायला शिकले. नुसतं पाणी आणि खडक घालून टाकी कितीतरी महिने तशीच चालू ठेवली. बुडबुड्यांशिवाय आत काहीच नसलेल्या टाकीसमोर मी खुर्ची टाकून बसायचे, तेव्हा नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "ही पाण्याला पाणी देतेय." समुद्राच्या जिवांसाठी वेगळा दिवा मिळतो, निळा जास्त आणि पांढरा कमी, तो आणला. सकाळी मंद, दुपारी भरपूर, संध्याकाळी पुन्हा मंद, असं त्याचं वेळापत्रक लावलं.

उजेड त्या मानाने सोपा, खरी परीक्षा प्रवाहाची. ती बसते एका जागी. खाणं, श्वास, सगळं पाणी आणून देईल तेव्हा, आणि तिची घाणही पाणी वाहून नेईल तेव्हाच. पाणी थांबलं की ती कोमेजते. पण सरळ झोत अंगावर घेतला तरी बिचारी दुमडून जाते. तिला हवं असतं काचेवर आपटून मऊ होऊन परत येणारं पाणी, कधी इकडून, कधी तिकडून. त्यासाठी टाकीच्या भिंतीला चुंबकाने चिकटणारा एक छोटा पंखा मिळतो, बारीक गजांच्या पिंजऱ्यातला. दुकानात त्याला वेव्हमेकर म्हणतात, आम्ही पाण्यातला पंखा म्हणतो. पाणी कुठे कसं वाहतंय हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी दुधाच्या पिशव्या कापून त्यांच्या पट्ट्या काड्यांना बांधल्या आणि त्या काड्या खडकाच्या फटींत खोचल्या. जिथे पट्टी फडफडते तिथे झोत जास्त, जिथे ती नुसती झुलते ती जागा चांगली.

"काय, वाळवण घातलंस का?" नवऱ्याने विचारलं.

"तुला कळायचं नाही," मी म्हटलं. पण जाता-येता कुठली पट्टी झुलतेय हे तोही बघायचा, ते मला दिसत होतं.

दुसरी आणली ती हिरवट तपकिरी, टोकांना गुलाबी झाक असलेली. सोबत नारिंगी माशांची एक जोडी. सोफ्यावरून नीट दिसेल अशी मधल्या खडकावरची जागा मी तिच्यासाठी ठरवून ठेवली होती, पट्टीने तपासून. तिथे तिला अलगद बसवलं. सकाळी बघते तर ती भलतीकडेच. समुद्रपुष्पाला पाय असतो, चिकटणारा आणि रुंद, आणि त्यावर ती सरकत सरकत चालते, हे मी वाचलं होतं, पण माझ्या टाकीत ती चालेल असं मला वाटलं नव्हतं. मला फार राग आला. इतकी मोजूनमापून दिलेली जागा!

"अगं, तिला काय ऑर्डर काढून क्वार्टर दिलंयस का?" नवरा हसत सुटला. "आपण राहतो गं, मिळेल त्या टाइपच्या घरात. तिने का राहावं?"

तिने बरेच दिवस टाकीभर जागा बघितल्या. शेवटी डावीकडच्या खडकाच्या फटीत पाय रोवला आणि तिथेच फुलली. सोफ्यावरून ती जागा अर्धीच दिसते. मग आम्ही सोफा सरकवला. आधी एक मासा भीत भीत तिच्यात शिरला, मग दुसरा, आणि त्यानंतर दोघांनी तिथून हलायचं नाव काढलं नाही.

ते दिवस फार सुखाचे होते. सकाळी दिवा मंद निळा लागायचा, ती हळूहळू उलगडायची, आम्ही दोघं चहा प्यायचो आणि कुणी काही बोलायचं नाही. मार्च सरताना दिल्ली तापायला लागली तसा हॉलमधला एसी सुरू झाला. इतकी वर्षं कूलरवर काढलेला माझा नवरा लोकांना तक्रारीच्या सुरात सांगू लागला, "एसी आमच्यासाठी नाहीये हां. तिला गरम होतं." आणि रिमोट स्वतःच्या खिशात ठेवू लागला.

मग चैत्र आला. आमच्या वसाहतीत मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू मी सोडलेलं नाही. गौर माहेरी येते, तिला झोपाळ्यात बसवायचं, पुढे आरास मांडायची, बायकांना बोलवायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं. मुलीला 'आरास' हा शब्द कळत नाही, ती 'डेकोरेशन' म्हणते, पण पन्ह्याची बाटली गुरुग्रामला पाठवली नाही तर रुसते. यंदा आरास टाकीसमोरच मांडायचं ठरलं. गौरीच्या मागे डोलणारं पाणी, मासे, समुद्रपुष्प. मला कल्पना फारच आवडली होती.

रविवारी सकाळीच मागच्या ब्लॉकमधल्या काकू मदतीला आल्या. वयाने आमच्यात सगळ्यांत मोठ्या, हळदीकुंकवात त्यांचा शब्द अखेरचा. आम्ही पायऱ्या मांडल्या, झोपाळा टांगला, कलिंगडाची कमळं कापून ठेवली. काकूंनी करंडा उघडून गौरीपुढे ठेवला आणि एकदम ओरडल्या, "अगं बाई! कुंकू काळं दिसतंय!"

मी वाकून बघितलं. खरंच. टाकीच्या निळ्या दिव्याखाली कुंकू पार काळंभोर झालं होतं आणि हळद हिरवी चमकत होती. काकूंच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा काळं. मी हात लांब करून बघितला तर माझ्याही बोटांवर काजळच लागल्यासारखं.

"काकू, दिव्यामुळे दिसतंय तसं. तो निळा असतो ना," मी समजावलं.

"असू दे निळा. सवाष्णींना बोलावून काळं कुंकू लावणार का तू? बंद कर आधी."

यावर वाद घालण्याची माझी टाप नव्हती. खरं सांगायचं तर मलाही ते बघवत नव्हतं. मी बोर्डाचं बटण बंद केलं. दिवा आणि पंखा एकाच बोर्डावर, त्यामुळे दोन्ही थांबले. माशांना हवा मिळावी म्हणून, लाइट गेल्यावर वापरतो ते बॅटरीवरचं बुडबुड्यांचं यंत्र लावलं. एक दिवस उजेड नसला तरी ढगाळ दिवस म्हणून ती सोसेल, असा मी मनाशी हिशेब केला. घरघर थांबल्यावर काकू खूश झाल्या. "आता कशी शांतता वाटते बघ!" टाकीला छोट्या पिवळ्या दिव्यांची माळ गुंडाळली, पुढे आंब्याची डहाळी ठेवली. कुंकू लाल झालं.

नवऱ्याला मी दुपारीच घराबाहेर काढलं. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांनी घरात काय करायचं? "जा, मार्केटमध्ये फिरून ये." तो पिशवी घेऊन निघाला आणि बायका यायला लागल्या. कैरीची डाळ संपत आली, पन्ह्याचे ग्लास दोनदा विसळले, दोघीतिघींनी गाणी म्हटली. टाकीपुढे इतकी गर्दी की टाकी मला दिसलीच नाही. फार मजा आली, ते नाकारायचं कारण नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा काकू शेवटच्या उठल्या. त्यांना दारापर्यंत पोचवून मी आत आले. आता पहिलं काम पाणी सुरू करायचं. मी झोपाळा बाजूला केला, वाकले आणि बोर्डाच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात नवरा मार्केटमधून परत आला. चप्पलही न काढता दारातून त्याने टाकीकडे बघितलं.

"थांब!" तो ओरडला. "ती तिथे नाहीये."

माझं बोट बटणावरच राहिलं. डावीकडची फट रिकामी होती. मासे दुसऱ्या टोकाला, काचेजवळ घोटाळत होते. आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. वाहतं पाणी शोधत, उजेड शोधत ती दिवसभरात टाकीच्या त्या टोकाला चालत गेली होती आणि बंद पंख्यावर जाऊन बसली होती. पायाची एक कड गजांच्या आत, पात्यांपर्यंत. मी बटण दाबलं असतं तर तिच्या चिंध्या झाल्या असत्या. मी तिथेच जमिनीवर बसले, गौरीच्या पायऱ्यांशेजारी, साडीची पर्वा न करता.

नवऱ्याने बटणाला हात न लावता पंख्याची पिन बोर्डातून उपटून काढली आणि मगच दिवा लावला. ती ज्याच्याकडून आणली त्या दुकानवाल्याला मी फोन केला. "छेड़ना मत जी," तो म्हणाला. "खींचोगे तो पैर फट जाएगा. लाइट दो, पानी हिलाते रहो, खुद हट जाएगी." कधी हटेल, विचारलं. "उसकी मर्ज़ी."

"गेली तर मी टाकी काढणार," मी नवऱ्याला म्हटलं. "बोलले होते मी."

तो आत गेला. न्हाणीघरातून नवा मग आणला, स्वच्छ धुतला, टाकीजवळ स्टूल ओढलं आणि पाणी भरून घेऊन ते दूरच्या काचेवर हळूच सोडायला लागला. आपटून मऊ होऊन ते तिच्यापर्यंत जात होतं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मी त्याला हे कधी शिकवलं नव्हतं. दिवा मंद होईपर्यंत तो तसाच बसला होता.

सोमवारी मला सुट्टी घेणं शक्य नव्हतं, एक महत्त्वाची बैठक होती. "तू जा. मी आहे ना," तो म्हणाला. ऑफिसात माझं कशात लक्ष नव्हतं. टेबलाखाली मोबाइल धरून मी त्याचे मेसेज वाचत होते. "अजून तिथेच." "उजेड वाढला. थोडी फुगलीये." "मासे जेवले. ती नाही." "अजून तिथेच." बैठक संपली तशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेट्रो गाठली. रस्ताभर मी तिला मेलेलीच बघत होते. टाकी रिकामी करताना पाणी कुठे ओतायचं, खडक कुणाला द्यायचे, इथपर्यंत माझी मजल गेली.

घरी आले तर तो तसाच स्टुलावर, हातात मग, खांद्यावर टॉवेल. बोटांपासून कोपरापर्यंत ओला. बाजूला उरलेल्या कैरीच्या डाळीची वाटी. "ये, बस," तो हळू आवाजात म्हणाला, जसं काही ती दचकेल. मी खुर्ची ओढली. डाळ खाल्ली. नंतर त्याने थोडा वेळ मग माझ्या हातात दिला, आणि माझा हात झोत सरळ सोडतोय असं वाटून परत काढून घेतला.

दुपारचा दिवा पूर्ण पेटला होता. ती फुगली, आक्रसली, पुन्हा फुगली. मग पायाची ती आत गेलेली कड पातळ होत गेली आणि गजांतून इतकी सावकाश बाहेर आली की आधी माझा विश्वास बसेना. "निघाली," तो म्हणाला. अर्धा पाय शेजारच्या खडकावर, अर्धा पंख्यावर, अशी ती कितीतरी वेळ लोंबकळत राहिली. शेवटी तिने पंखा सोडला, सगळं अंग खडकावर ओढून घेतलं, आणि आधीच्या फटीकडे ढुंकूनही न बघता तिथेच पाय रोवला. मासे लगेच जाऊन तिच्यात घुसले. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि मी दोन्ही होऊ दिलं.

तिला हलवायचा विचारही आमच्या मनात आला नाही. पंखाच काढला, समोरच्या भिंतीला नेऊन लावला. संत्र्यांची एक जाळीची पिशवी घरात होती, ती नवऱ्याने गरम पाण्याने धुऊन, दुहेरी करून त्या पिंजऱ्यावर दोऱ्याने शिवली. शिवण वाकडी आहे, पण घट्ट आहे. बोर्ड बंद करून त्याने पिन लावली, मी डोळे मिटून बटण दाबलं. डोळे उघडले तेव्हा पाणी फिरत होतं आणि तिच्या पाकळ्या डोलायला लागल्या होत्या.

जीव भांड्यात पडला की मला बोलायला लागतं. "गेली असती ना, तर खरंच टाकी काढली असती मी," मी म्हटलं.

"माहितीये," तो म्हणाला. "म्हणून सकाळीच दुकानवाल्याला फोन करून ठेवला होता."

"कशाला?"

"टाकी मोकळी झाली की ती मीच विकत घेतो म्हटलं, तुझ्याकडून. तू शब्द पाळ, मी माझी टाकी ठेवतो. तशीच दुसरी कधी येईल ते त्याला विचारून ठेवलं."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतोय. तो मात्र टॉवेलने कोपर पुसत टाकीकडेच बघत होता.

"तू सकाळी जातेस ना ऑफिसला," तो म्हणाला, "मग दिवसभर या घरात हलणारं असं तेवढंच असतं."

मी मोबाइल काढला आणि मंगळवारी येणार नाही म्हणून ऑफिसला कळवलं. कारण विचारलं होतं तिथे 'घरगुती' असं लिहिलं.